दारू सोडताना आधारगट: कसा शोधायचा, पहिल्या दिवशी काय होतं, पुढे काय करायचं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘एखाद्या ग्रुपला जाऊन बघ’ हा सल्ला दारू सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. कुठल्या ग्रुपला जायचं, तिथे कोण असतं, उभं राहून बोलावं लागतं का, ओळखीचं कोणी निघालं तर काय करायचं, हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. त्यामुळे बरेच जण दारापर्यंत जाऊन परत येतात. पुढचे प्रश्न हे दारापाशी हमखास मनात येणारे आहेत. घरच्यांसाठीही काही उत्तरं शेवटाकडे आहेत.

माझं पिणं ग्रुपला जाण्याइतकं वाढलंय, हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्यावर प्यावी लागते का, असे प्रश्न त्यात असतात. एकूण गुण ४०. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर गेलंय असं समजतात. २० किंवा जास्त आले तर व्यसन जडलं असण्याची शक्यता मोठी असते आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. उत्तरं प्रामाणिक हवीत, एवढीच अट. ‘किती पिता’ याचं उत्तर बहुतेक जण कमी करून देतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं.

पण ग्रुपला जायला कुठलेही गुण लागत नाहीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या सभासदत्वाची एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. ती पक्की असावी, असंही कोणी म्हणत नाही. नुसतं बघायला म्हणून गेलेल्यालाही खुर्ची मिळते.

आज रात्री शेवटची पितो, उद्या बंद करतो आणि संध्याकाळी मीटिंगला जातो. चालेल ना?

रोज भरपूर पिणाऱ्याने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ही या पानावरची सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे.

वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेला मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू अचानक थांबली की तो अति उत्तेजित होतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या ४८ तासांत काहींना फिट येते. ४८ ते ९६ तासांच्या सुमाराला काहींना तीव्र गोंधळ, भास, ताप आणि प्रचंड अस्वस्थता असा ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो. यात जीव जाऊ शकतो. यापूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली असेल, भास झाले असतील किंवा सकाळी थरथर थांबवण्यासाठी प्यावी लागत असेल, तर धोका जास्त धरायचा.

यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात आणि सोबत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्रुप हे काम करू शकत नाही. अनुभवी सभासद नवख्याचे थरथरणारे हात पाहिले की त्याला आधी दवाखान्यात पाठवतात, ते यामुळेच. फिट, भास किंवा भ्रम दिसला तर थेट आपत्कालीन विभागात न्यावं. मीटिंग नंतरही होते.

कोणकोणत्या प्रकारचे ग्रुप असतात?

सगळ्यात जुना आणि पसरलेला ए.ए. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद यांच्या भेटीतून तो सुरू झाला. दोघेही दारूच्या पायी खचलेले होते. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी बोललं की दोघांचंही पिणं टळतं, हा त्यांना आलेला अनुभव आजही ए.ए.चा पाया आहे. बारा पायऱ्यांचा, म्हणजे एकामागून एक करायच्या बारा आत्मपरीक्षणाच्या टप्प्यांचा कार्यक्रम, आध्यात्मिक सूर, पूर्ण दारूबंदी आणि अनुभवी सभासदाची सोबत ही त्याची लक्षणं. तिथे पगारी समुपदेशक नसतो, मीटिंग सभासदच चालवतात.

स्मार्ट रिकव्हरी १९९४ साली सुरू झाली. तिचा पाया मानसोपचारातल्या विचार-वर्तन पद्धतींचा. चार गोष्टींवर काम होतं: दारू सोडण्याची प्रेरणा टिकवणं, तलफ हाताळणं, विचार-भावना-वर्तन सांभाळणं आणि समतोल आयुष्य उभं करणं. मीटिंग प्रशिक्षित संचालक चालवतो. कागदावर तक्ते भरणं, एकमेकांना प्रश्न विचारणं, सूचना देणं चालतं. स्वतःला ‘अल्कोहोलिक’ म्हणण्याचा आग्रह नसतो.

याशिवाय फक्त स्त्रियांसाठी १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी सुरू केलेली विमेन फॉर सोब्रायटी, धर्मनिरपेक्ष लाइफरिंग, बौद्ध ध्यानपरंपरेवर आधारलेली रिकव्हरी धर्मा असे पर्याय आहेत. यांच्या समोरासमोरच्या मीटिंगा सगळीकडे मिळत नाहीत, ऑनलाइन मिळतात. व्यसनमुक्ती केंद्रं आणि मानसोपचार विभागही स्वतःचे ग्रुप चालवतात. तिथे समुपदेशक हजर असतो.

आमचं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात तत्त्वज्ञानाची निवड करत बसू नये. जो ग्रुप जवळ आहे आणि या आठवड्यात भेटतोय, तो आधी. दोन पद्धतींचे ग्रुप एकाच वेळी करणारेही पुष्कळ आहेत आणि त्याला कुठलीच बंदी नाही.

यातून दारू खरंच सुटते, याला काही पुरावा आहे का?

आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १०,५६५ जण होते. समुपदेशकाने ठरावीक पद्धतीने माणसाला ए.ए.शी जोडून दिलं, तर वर्षाच्या शेवटी अखंड न प्यायलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के, आणि विचार-वर्तन उपचारांसारख्या इतर पद्धतींत सुमारे ३५ टक्के आढळलं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. ग्रुपचा उपयोग होतो. आणि एवढं करूनही निम्म्याहून जास्त जण त्या वर्षात कधी तरी प्यायले. म्हणून ‘ग्रुपला गेलो, आता सुटलो’ असं धरून चालणं चूक, आणि एकदा प्यायलो म्हणून ग्रुप निरुपयोगी ठरवणंही तितकंच चूक.

उपयोग कसा होतो, याचंही संशोधन झालंय. त्यातला मोठा वाटा माणसाच्या संगतीतल्या बदलाचा आहे: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच सल्ले यावरच उभे आहेत. मीटिंगच्या आधीची १५ मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास हा वेळ प्रत्यक्ष मीटिंगइतकाच कामाचा असतो. वेळेवर येऊन शेवटच्या वाक्याला उठून जाणाऱ्याला ओळखी मिळत नाहीत, आणि तोच सहसा गळतो.

ग्रुप शोधायचा कसा?

ए.ए.च्या अधिकृत संकेतस्थळावर देशानुसार संपर्क असतात. अनेक देशांतल्या मीटिंगा त्यांच्या ‘मीटिंग गाइड’ या मोबाइल अ‍ॅपवर दिसतात. स्मार्ट रिकव्हरीच्या संकेतस्थळावरही शोधण्याची सोय आहे. हे जमत नसेल तर जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात फोन करून ‘ए.ए.चा संपर्क क्रमांक आहे का’ एवढंच विचारा. तिथे दाखल नसलात तरी देतात.

यादी मिळाली की एकच मीटिंग निवडू नका. वेगवेगळ्या वारांच्या तीन-चार टिपून ठेवा. याचं कारण अगदी साधं आहे: याद्या जुन्या असतात. जागा बदललेली असते, सुट्टीमुळे दार बंद असतं, वेळ अर्ध्या तासाने पुढे गेलेली असते. मोठ्या मुश्किलीने जमवलेलं धैर्य घेऊन माणूस कुलूप लावलेल्या दारापुढे उभा राहिला, तर तो पुन्हा येईलच याची खात्री नाही. म्हणून जाण्याच्या दिवशीच फोन करून खात्री करा आणि विचारा:

– मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड?
– इमारतीत नेमकी कुठली खोली, दार कुठून?
– कुठल्या भाषेत चालते?
– साधारण किती माणसं असतात, स्त्रिया येतात का?
– पायऱ्या चढाव्या लागतात का, लिफ्ट आहे का?
– दाराशी कोणी भेटू शकेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. नवख्याला बाहेर भेटून आत घेऊन जाणं हे जुन्या सभासदांना आवडीचं काम असतं. फोन उचलणाऱ्या माणसानेही तुमच्यासारखाच कधी तरी तो नंबर फिरवलेला असतो.

ओपन आणि क्लोज्ड म्हणजे काय?

ओपन मीटिंगला कोणीही येऊ शकतं: घरचे, विद्यार्थी, नुसते कुतूहल असलेले. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. बायको, भाऊ किंवा मित्र सोबत हवा असेल तर ओपन निवडा.

पहिल्या मीटिंगला नेमकं काय होतं?

जागा बहुधा साधी असते: शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाला जोडलेली खोली, दवाखान्याचं सभागृह. जागा धार्मिक संस्थेची असली तरी ग्रुपचा त्या संस्थेशी संबंध असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती भाड्याने घेतलेली असते. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर वळल्यासारखं वाटतं आणि तेच तर टाळायचं असतं.

ए.ए.ची मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. सूत्रसंचालक सुरुवात करतो, ग्रुपची ओळख सांगणारा मजकूर वाचला जातो, बऱ्याच ठिकाणी एक छोटी प्रार्थना होते. मग बारा पायऱ्या किंवा एखादा उतारा वाचतात. ‘कोणी पहिल्यांदा आलंय का?’ असं विचारलं जाऊ शकतं. हात वर केलात तर टाळ्या वाजतील आणि नंतर चार माणसं बोलायला येतील, नाही केलात तरी कोणी बोट दाखवणार नाही.

त्यानंतर शेअरिंग. एकेक जण तीन ते पाच मिनिटं बोलतो: पिणं कसं होतं, काय घडलं, आता कसं चाललंय. कोणी बोलत असताना मध्येच सल्ला देणं, प्रश्न विचारणं, दुरुस्त करणं चालत नाही. बोलून झाल्यावरही ‘तू असं करायला हवं होतंस’ असं कोणी म्हणत नाही. नवख्याला हे थंडपणाचं वाटतं. हा नियम नसता तर प्रत्येक मीटिंगचा न्यायनिवाडा झाला असता आणि घरी रोज उपदेश ऐकणाऱ्या माणसाला इथेही तेच मिळालं असतं.

शेवटी वर्गणीची पिशवी किंवा टोपली फिरते, सूचना होतात, काही ठिकाणी ठरावीक दिवस न प्यायलेल्यांना बिल्ला देतात: २४ तास, ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस, सहा महिने, एक वर्ष. ‘२४ तासांचा बिल्ला कोणाला हवाय?’ असं विचारल्यावर उठायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक गोष्ट अनपेक्षित वाटेल: तिथे हसतात. भयंकर प्रसंगांवर हसतात. हा उथळपणा समजू नका. सगळ्यांनी ते भोगलेलं असतं.

मला बोलावंच लागेल का?

नाही. पाळी आली तर ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढं पुरे. महिनाभर असंच म्हणालात तरी चालतं. बोलावंसं वाटलं तर तीन वाक्यं पुरतात: नाव, पहिल्यांदा आलोय, पिणं थांबवायचंय. ए.ए.त बहुतेक जण ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ अशी सुरुवात करतात. तुम्ही ती नाही केलीत तर मीटिंग थांबत नाही.

एक व्यावहारिक सूचना. पहिल्याच दिवशी भावनेच्या भरात सगळं उघडं करणारे काही जण घरी गेल्यावर शरमेने पुन्हा फिरकत नाहीत. पहिल्यांदा थोडंच बोला. बाकीचं एखाद्या विश्वासू माणसाशी दोघांतच बोलता येईल.

माझं नाव बाहेर जाणार नाही, याची खात्री आहे का?

ए.ए.त पहिल्या नावाने बोलावतात, हजेरीपट नसतो, आणि तिथे पाहिलेलं-ऐकलेलं बाहेर न नेण्याची परंपरा लोक मनापासून पाळतात. ओळखीचं कोणी भेटलंच, तर ते माणूसही त्याच कारणाने तिथे आलेलं असतं, हे विसरू नका.

तरी ही परंपरा आहे, कायदा नव्हे. डॉक्टर-वकिलाला असतं तसं कायदेशीर गोपनीयतेचं बंधन सभासदांवर नसतं. म्हणून चालू असलेला खटला, गुन्हा, नोकरीच्या जागेची नाजूक बाब अशा गोष्टी मीटिंगमध्ये बोलू नका. त्या वकिलाकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅपची भानगड वेगळीच. ग्रुपमध्ये सामील होताच तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. फोटो, नाव आणि स्टेटस कोणाला दिसावं याची सेटिंग बदललेली नसेल तर तेही दिसतं. सामील होण्याआधी ती बदला किंवा ‘मला त्यात घालू नका, दोन-तीन जणांचे नंबर द्या’ असं सांगा. ओपन मीटिंगला तर कोणीही बसलेलं असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

मी देव मानत नाही. ए.ए. माझ्यासाठी आहे का?

बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या आणि अकराव्या पायरीतच ‘आम्हाला उमगला तसा’ अशी मोकळीक ठेवलेली आहे. नास्तिक सभासद ‘उच्च शक्ती’ म्हणजे ग्रुपची एकत्र ताकद असं धरतात. धर्मनिरपेक्ष ए.ए. ग्रुपही आहेत, तिथे प्रार्थना होत नाही. हे सगळं करूनही खटकत असेल तर स्मार्ट रिकव्हरी किंवा लाइफरिंग बघा. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

पैसे किती लागतात?

ए.ए.ला प्रवेश फी नाही, सभासद वर्गणीही सक्तीची नाही. टोपली फिरते तेव्हा सभासद स्वखुशीने टाकतात, त्यातून भाडं आणि चहा-कॉफी भागते. नवखे आणि पाहुण्यांनी टाकू नये, असं बरेच ग्रुप स्वतःच सांगतात. बाहेरची देणगी ए.ए. घेत नाही. ए.ए.च्या नावाखाली कोणी ‘कोर्स’चे पैसे मागत असेल तर तिथून निघा.

प्यायलेला असताना गेलो तर?

गोंधळ घालत नसाल तर सहसा बसू देतात. फक्त ऐका, बोलू नका. काही ग्रुप त्या दिवशी प्यायलेल्यांना न बोलण्याची विनंती करतात. गाडी चालवत जाऊ नका. न जाण्यापेक्षा असं जाणं बरं, पण बाटली सोबत नको.

आठवड्यातून किती वेळा जायचं?

‘९० दिवसांत ९० मीटिंगा’ हा सल्ला ऐकाल. तो ए.ए.चा अधिकृत नियम नाही, सभासदांत रुळलेली पद्धत आहे. त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे: सुरुवातीच्या तीन महिन्यांत स्लिप होण्याचा, म्हणजे पुन्हा पिऊन बसण्याचा धोका मोठा असतो, आणि पूर्वी पिण्यात जाणारी संध्याकाळ अचानक रिकामी पडते. ती भरायला काही तरी लागतं.

नोकरी, मुलं, प्रवास यांमुळे रोज शक्य नसेल तर आठवड्यातून तीन धरा. त्यातली एक समोरासमोरची आणि दर आठवड्याला तीच, म्हणजे लोक तुम्हाला ओळखू लागतील. उरलेल्या ऑनलाइन चालतील. मीटिंग तुमच्या पिण्याच्या वेळेला निवडा. ज्याची बाटली रात्री आठला उघडायची, त्याला सकाळी सातच्या मीटिंगचा उपयोग अर्धाच.

एकदा गेलो, अजिबात आवडलं नाही.

असं होतं. त्या दिवशी बोललेली माणसं, विषय, जागा यांवर सगळं अवलंबून असतं. एकाच मीटिंगवरून मत बनवू नका. निदान तीन वेगळ्या ग्रुपांच्या मिळून सहा मीटिंगा बघा. ‘माझं एवढं वाईट कधीच नव्हतं’ असं वाटून परत येणारे तर फार. तिथे फरक शोधायला बसलात तर भरपूर सापडतील. सकाळी उठल्यावरची शरम, लपवलेली बाटली, मोडलेली वचनं एवढं जुळतंय का ते बघा.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर दुसरा ग्रुप शोधाच: एकच माणूस सगळ्यांना हुकूम सोडतो, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगितली जातात, पैसे उसने मागितले जातात, बोलणाऱ्याची टिंगल होते.

स्पॉन्सर म्हणजे कोण? तो कसा निवडायचा?

ए.ए.त अनुभवी सभासद नवख्याला बारा पायऱ्या करायला मदत करतो, मीटिंगांमधल्या काळात फोनवर असतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. त्याला कुठलीही पदवी नसते, मोबदला नसतो.

निवडताना घाई करू नका, पण वर्षभर वाटही बघू नका. तीन-चार आठवडे ऐका. ज्याचं बोलणं आपल्याला लागू पडतं, जो किमान वर्षभर सोबर आहे, म्हणजे प्यायलेला नाही, ज्याने स्वतः पायऱ्या केल्यात आणि ज्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे, अशा माणसाला विचारा. जिच्याशी किंवा ज्याच्याशी शारीरिक आकर्षण होण्याची शक्यता नाही, अशी व्यक्ती निवडण्याची रीत आहे. म्हणून सहसा पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री. समलिंगी सभासद त्याप्रमाणे उलट निवड करतात.

विचारायचं सरळ: ‘काही दिवसांसाठी माझे स्पॉन्सर व्हाल का?’ तात्पुरता स्पॉन्सर ही मान्य पद्धत आहे आणि नकार देणं दोघांनाही सोपं जातं. नकार आला तर तो तुमच्याबद्दल नसतो. बऱ्याच जणांच्या हाताखाली आधीच तीन-चार जण असतात. होकार आला तर पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: फोन रोज की गरजेपुरता, कुठल्या वेळेत, पायऱ्यांसाठी आठवड्यातून किती वेळ.

काय बिघडतं? स्पॉन्सर मिळतो, फोन केला जात नाही. पहिला फोन संकटाच्या वेळी करायचा असं ठरवलं तर तो होत नाही, कारण तलफ आलेली असताना अनोळखी नंबर लावायचं बळ नसतं. म्हणून काहीच घडलेलं नसताना रोज दोन मिनिटांचा फोन करायची सवय लावा. ‘आज ठीक आहे’ एवढंच बोला.

स्पॉन्सर हा डॉक्टर, वकील, सावकार किंवा विवाह समुपदेशक नाही. तो नोकरी सोडायला, लग्न मोडायला, गोळ्या बंद करायला सांगू लागला तर त्याला बदला. बदलताना ‘तुमची मदत झाली, आता मी दुसऱ्यांबरोबर काम करणार आहे’ एवढं पुरे. कारणं देत बसू नका.

स्त्रियांसाठी हे सुरक्षित आहे का?

बहुतेक ग्रुपांत हो, पण डोळे उघडे ठेवून जावं. जुन्या सभासदाने नवख्या, हळव्या झालेल्या व्यक्तीशी लगट करण्याला ए.ए.तच ‘तेरावी पायरी’ असं टोपणनाव आहे. प्रकार माहीत आहे म्हणूनच नाव पडलं. फक्त स्त्रियांच्या मीटिंगने सुरुवात करा. नंबर स्त्रियांचेच घ्या. ओळख झाली नाही तोवर कोणाच्या गाडीतून एकटीने घरी येऊ नका. कोणी त्रास दिला तर ग्रुपच्या सचिवाला आणि दोन जुन्या स्त्री सभासदांना सांगा. गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे जा. नाव गुप्त ठेवण्याची परंपरा गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी नाही.

पहिल्या वर्षात नवं प्रेमप्रकरण नको, हा सल्ला स्त्री-पुरुष दोघांनाही दिला जातो. तो मोडला की स्लिप का होते हे सांगायला फार अक्कल लागत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. ग्रुपमधले म्हणतात, गोळ्या म्हणजेही नशाच.

ए.ए.ची अधिकृत भूमिका स्पष्ट आहे: कोणीही सभासदाने डॉक्टर होऊ नये. औषधांचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

दारूसाठी तीन औषधं नेहमीची. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि तलफ कमी करतं. अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्याला चालत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू थांबवल्यावर न पिणं टिकवायला मदत करतं. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर देत नाहीत. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं अशी प्रतिक्रिया येते. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत ती येऊ शकते. खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्ये दारू असते, तेही टाळावं लागतं. घरच्यांनी ही गोळी जेवणात लपवून कधीही देऊ नये. त्यात माणूस दगावू शकतो.

नैराश्य, फिट, मानसिक आजार यांची औषधं ग्रुपमधल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

दोन मीटिंगांच्या मध्ये तलफ आली तर?

तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ काढायचा असतो. जागा बदला, काही तरी खा, पाणी प्या, फोन लावा. एकाने उचलला नाही तर दुसरा. म्हणून यादीत किमान पाच नंबर हवेत, तेही कागदावर, कारण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मग चार गोष्टी तपासा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकवा आहे का? चारांपैकी एक तरी असतेच, आणि त्या चारांवर दारूशिवाय उपाय आहेत.

परत प्यायलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

त्याच तोंडाने, आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत. ‘सोमवारपासून जातो’ यात मधले दिवस पिण्यात जातात. त्या खोलीतल्या बऱ्याच जणांनी हेच केलेलं असतं. ए.ए.त दिवस पुन्हा एकपासून मोजतात. स्मार्ट रिकव्हरीत मोजणीला महत्त्व नाही. मोजणी पुन्हा सुरू झाली तरी मधल्या महिन्यांत शिकलेलं कुठे जात नाही.

आधीच्या आठवड्यात काय घडलं ते लिहून काढा: कुठली मीटिंग चुकली, कोणाचा फोन टाळला, कोण भेटलं. स्लिपची तयारी पहिल्या घोटाच्या आधीच बऱ्याच दिवसांपासून चाललेली असते. दोन धोके मात्र लक्षात ठेवा. खंडानंतर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, जुन्या मापाने पिणं घातक ठरू शकतं. आणि पुन्हा काही दिवस सलग प्यायला असाल तर थांबताना पुन्हा डॉक्टर लागतील.

ऑनलाइन मीटिंगा तितक्याच चांगल्या का?

लहान गावात राहणाऱ्यांना, आजारी माणसांना, रात्री दोनला झोप न येणाऱ्यांना त्यांच्यासारखी सोय नाही. जगात कुठे ना कुठे मीटिंग चालूच असते. स्क्रीनवर फक्त पहिलं नाव ठेवा, हेडफोन लावा, मागे कोणाचा फोटो किंवा पत्ता दिसत नाही ना ते बघा. कॅमेरा बंद ठेवता येतो, पण नेहमी बंद ठेवला की माणूस पलंगावर पडून अर्धवट ऐकतो आणि आठवड्यात मीटिंग बंद होते. मीटिंग संपल्यावर थांबणाऱ्यांत थांबा.

घरच्यांनी काय करायचं?

पिणाऱ्याला ओढून नेण्याचा उपयोग क्वचितच होतो. ‘शनिवारी ओपन मीटिंग आहे, मी तुझ्याबरोबर येते’ असं सकाळी, तो शुद्धीत असताना म्हणणं जास्त परिणामकारक. त्याने नकार दिला तरी तुम्ही स्वतः जा. अल्-अनॉन ही कुटुंबीयांची संघटना १९५१ पासून आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ पासून. पिणारा दारू सोडो वा न सोडो, तुम्ही जाऊ शकता. तिथे तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ऐकू येतात: हे व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही, तुम्ही ते ताब्यात ठेवू शकत नाही, तुम्ही ते बरं करू शकत नाही.

मीटिंगहून आल्यावर ‘काय बोललास, कोण कोण होतं?’ अशी उलटतपासणी नको. घरात मारहाण होत असेल तर ग्रुपवर भिस्त ठेवू नका. आधी सुरक्षित जागा आणि पोलीस.

दारूबरोबर इतर नशा किंवा नैराश्य असेल तर?

ए.ए.त बोलणं दारूपुरतं ठेवण्याचा आग्रह असतो. इतर नशांसाठी १९५३ साली सुरू झालेली नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस आहे. स्मार्ट रिकव्हरीत सगळी व्यसनं चालतात. नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि ग्रुप दोन्ही हवेत. जीव देण्याचे विचार येत असतील तर पुढच्या मीटिंगपर्यंत थांबू नका. आत्ता जवळच्या माणसाला सांगा आणि आपत्कालीन मदत घ्या.

कोर्टाला किंवा ऑफिसला हजेरीचा पुरावा हवाय.

काही ग्रुप कागदावर सही देतात, काही देत नाहीत. आधी फोनवर विचारा. कागद मीटिंगआधी सचिवाकडे द्या, सही शेवटी मिळते. सहीत फक्त तुम्ही आलात एवढंच असतं, तुम्ही प्यायला आहात की नाही हे नाही.

आयुष्यभर जावं लागतं का?

कोणी बंधन घालत नाही. काही जण वर्षा-दोन वर्षांनी कमी करतात आणि ठीक राहतात, काही जण तीस वर्षं जातात. कमी करायचं असेल तर एकदम बंद करू नका. आठवड्याला तीनवरून दोन, मग एक, आणि प्रत्येक टप्प्यावर महिना-दोन महिने थांबा. लग्नसमारंभ, नोकरीतला बदल, घरातला मृत्यू, लांबचा प्रवास असं काही येत असेल तर त्या काळात पुन्हा वाढवा. स्पॉन्सरला आधी सांगा. आणि ग्रुपमध्ये एखादं छोटं काम अंगावर ठेवा: खुर्च्या लावणं, दार उघडणं, चहाचं सामान आणणं. किल्ली तुमच्याकडे असली की कंटाळा आला तरी दार उघडायला जावं लागतं.